मी शोधून काढलेला नंदी

चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना एकदा एकीच्या साडीवर चहा सांडलेला आहे. फजिती माझी स्वतःची आहे, त्यामुळे हसायला मोकळीक आहे. फक्त पुढच्या वेळी मी एखाद्या जुन्या भिंतीसमोर थांबले की मला हात धरून ओढून न्या, एवढंच मागणं आहे.

तुम्हाला माहीतच आहे, यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत मी पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. निवृत्त झाले आणि घरात करमेना. तेवढ्यात कळलं की शनिवार-रविवारी एक वर्ग भरणार आहे, चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्या इतिहासाची ओळख. गुहेतल्या चित्रांपासून आजच्या इमारतींपर्यंत सगळं. शिकवणाऱ्या डोंगरे मॅडम. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, भाजी आणायला जाताना तरी इतिहास घरी ठेवत जा. शेजारणींनी 'वास्तू' एवढंच ऐकलं आणि देवघर कोणत्या दिशेला हवं ते विचारायला येऊ लागल्या. मी त्यांना खांब कसा ओळखायचा ते सांगायची. त्या चहा पिऊन निघून जायच्या.

पण खरं सांगू? मला वेडच लागलं. चार आठवड्यांत मला जिकडेतिकडे इतिहास दिसायला लागला. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे खांब ग्रीक, समोरच्या मंगल कार्यालयाची कमान मोगल, आणि आमच्या घराची गच्ची कुठल्याच शैलीत बसेना म्हणून मला दोन दिवस वाईट वाटत होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ना, ते मी पाव हळकुंडातच उरकलं होतं.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने जिल्ह्यातली एक जुनी वस्तू किंवा वास्तू शोधून तिच्यावर बोलायचं होतं. बाकीचे सगळे कळंबच्या चिंतामणीच्या जुन्या देवळाकडे धावले. मी म्हटलं, आपण असं काही आणू की जे कोणी पाहिलेलंच नाही.

भाऊबीजेला आम्ही कळंबच्या पुढे माझ्या नणंदेच्या गावी गेलो. नणंद वर्षा, तिचे यजमान अनंतराव. अनंतराव म्हणजे गावातल्या महादेवाच्या देवळाच्या समितीचे अध्यक्ष. देऊळ छोटं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं. ते खरोखर जुनं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला नंदी नव्हता. म्हातारी माणसं सांगायची, मूळचा नंदी फार पूर्वी कुठेतरी गाडला गेला. समितीने कंटाळून बाहेरून पांढऱ्या संगमरवराचा नंदी मागवायचं ठरवलं होतं आणि शिवरात्रीला तो बसणार होता.

दुपारी गाव रिकामं होतं. सगळे कापूस वेचायला गेलेले. मी वही घेऊन देवळामागे नाल्याकडे उतरले. तिथे पडक्या दगडांचा ढीग होता आणि ढिगाच्या आड खताच्या पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी पोतं उचललं.

खाली नंदी होता!

काळ्या दगडाचा, बसलेला. पाय दुमडलेले, मानेची वळी इतकी मऊ की हात लावला तर हलेल असं वाटावं. पाठीवर हिरवं शेवाळ. शिंगं, कान, गळ्यातली घंटा, सगळं नीट, पण तोंड सपाट. डोळे नाहीत, नाकपुड्या नाहीत. म्हटलं, बिचारा शेकडो वर्षांच्या पावसाने झिजला. पोटावर गेरूच्या लाल रेघा होत्या, त्या मी वहीत 'प्राचीन रंगकामाचे अवशेष' म्हणून नोंदवल्या. शेजारी एक गंजकी छन्नी पडली होती. तिच्यावर तिरप्या रेघांची नक्षी. ती मी 'तत्कालीन अवजार' म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

बाराव्या शतकात खताची पोती नव्हती, हे मला सुचायला हवं होतं. मी तर ते पोतं घडी घालून नीट बाजूला ठेवलं.

मी धावत घरी गेले आणि अनंतरावांना सांगितलं. ते जेवणावरून उठले. संध्याकाळपर्यंत शेतावरून परतलेलं अख्खं गाव नाल्यात उतरलं होतं. चौघांनी नंदी बैलगाडीवर चढवून देवळासमोर आणला. बायांनी पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, बेल ठेवला, नारळ फुटले. अनंतरावांनी माझ्या हातात माइक दिला. मला कोणी माइक देऊ नये, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी वीस मिनिटं बोलले. हेमाडपंती, यादवकाळ, आठशे वर्षं. आठशे म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पुढच्या वाक्यात मी साडेआठशे केले.

बोलणं संपत आलं तेव्हा गर्दीतून एक माणूस पुढे आला. पन्नाशीचा, शिडशिडीत, हातांवर दगडाची भुकटी. तो किसन. गावात पाटा-वरवंटा घडवायचा, जात्यांना टाकी लावून द्यायचा. घरोघरी मिक्सर आले तसं ते काम आटलं. तो माझ्याकडे न पाहता अनंतरावांना म्हणाला, "भाऊ, हा मी घडवून राह्यलो. अजून व्हायचा हाय."

लोक हसले. अनंतरावही हसले. म्हणाले, "किसन, तू पाटे घडोनारा माणूस. नंदी तुले कसा जमन?"

मागाहून कळलं, संगमरवराचं ठरलं तेव्हाही त्याने 'मले करू द्या' म्हणून विचारलं होतं आणि तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. म्हणून त्याने उन्हाळ्यापासून, कोणाला न सांगता, गाव शेतात असताना नाल्यात बसून काम सुरू केलं होतं. पुरा झाला की मगच दाखवायचा होता. पावसाळाभर ओल्या पोत्याखाली राहून दगडावर शेवाळ धरलं होतं.

पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि माइक अजून माझ्याच हातात होता. मी त्याला समजावणीच्या सुरात म्हटलं, "भाऊ, हे काम तुमच्या-आमच्या हातचं नाही. हा फार मोठा कलावंत होता. दुर्दैव एवढंच, की त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही."

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "किसन नाव हाय जी त्याचं."

गावाने पुन्हा हसून घेतलं. मीही हसले. हे आठवलं की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

दोन दिवसांनी किसन यवतमाळला आमच्या दारात. वर्षाकडून पत्ता घेऊन, बस बदलत आला होता. चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, थे छन्नी माह्या बापाच्या हातची हाय. द्या ना जी."

आता बघा माझी अक्कल. मला वाटलं, याला जुन्या वस्तूचा मोह पडलेला दिसतो. मी कचेरीतल्या आवाजात सांगितलं की वस्तू अभ्यासासाठी ताब्यात घेतली आहे, मॅडमना दाखवल्याशिवाय देता येणार नाही, वाटल्यास लेखी अर्ज द्या. त्याने वाद घातला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून गेला. दार लावताना ह्यांनी मला विचारलं, तुला खात्री आहे ना? मी म्हटलं, तुम्हाला यातलं काय कळतं.

जानेवारीअखेर वर्गात माझं भाषण झालं. पडद्यावर नंदीचे फोटो लावले होते आणि टेबलावर रेशमी कापडावर छन्नी ठेवली होती. वर्गाने टाळ्या वाजवल्या. डोंगरे मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, शिंगांची टोकं बघा," त्या म्हणाल्या. "कशी आहेत?"

मी म्हटलं, टोकदार.

"कानाची कड?"

म्हटलं, तीही शाबूत.

"पावसाने दगड झिजतो तेव्हा पुढे आलेला भाग आधी झिजतो. इथे शिंगांची टोकं तशीच आहेत आणि तोंड तेवढं गेलं?"

हे त्यांनी चौथ्या आठवड्यात शिकवलं होतं. माझ्या वहीत ते लाल शाईने अधोरेखित होतं, पण अधोरेखित करून झालं की मी ते विसरते.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे तोंड झिजलेलं नाही. ते अजून व्हायचंय. गेरूच्या रेघा कुठे कोरायचं त्याच्या खुणा आहेत." मग त्यांनी छन्नी उचलली, उजेडात धरली आणि मला विचारलं, "ही सळईची बनवलेली आहे. यादवांच्या काळात स्लॅब टाकायचे का?"

ती तिरपी नक्षी! आमच्याच गच्चीच्या बांधकामाला मी ट्रकभर पिळाच्या सळया मोजून घेतल्या होत्या. वर्ग हसून लोळला. मला हसू येईना आणि रडूही येईना. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, किसन नाव हाय जी त्याचं. मी त्या माणसाचं काम, बापाची छन्नी आणि नाव, तिन्ही उचलून घेऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली आणि थेट किसनच्या घरी गेले. छन्नी त्याच्या हातात दिली, हात जोडले, चुकले म्हटलं. मला वाटलं आता तो मला चार शब्द सुनावेल, आणि मला ते हवेच होते. पण त्याने छन्नीची धार अंगठ्याने पाहिली आणि तो वेगळंच बोलला.

"माफीचं राहू द्या, ताई. त्याचं तोंड बाकी हाय. समितीनं जाळी लावून कुलूप घातलं. मले जवळ येऊ देत नाई. शिवरात्रीले तसाच बसवून राह्यले." त्याने छन्नी मांडीवर ठेवली. "बिनतोंडाचा नंदी माह्या हातून झाला, असं मीच मले कसं सांगू?"

मी तडक अनंतरावांकडे गेले. त्यांना वाटलं, किसनने रडून माझं मन वळवलं. समजुतीने म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या. आता कायले शब्द फिरवता? संगमरवराचं रद्द केलं आपण. आणि हळदकुंकू लागलेल्या देवावर छन्नी कोन चालवू देईन?"

मी म्हटलं, अहो, मी चुकले. ते म्हणाले, तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही असं म्हणता. जितकं जास्त खरं बोलावं तितकी मी त्यांच्या नजरेत थोर होत चालले होते. असा विचित्र प्रसंग कोणावर येऊ नये! खोटं बोलले तेव्हा टाळ्या, आणि खरं बोलले तर कोणी मनावर घेईना.

शेवटी एकच मार्ग उरला. ज्या माइकवरून चूक केली त्याच माइकवरून ती निस्तरायची. शिवरात्रीच्या आठ दिवस आधी देवळात तयारीची बैठक होती, सगळं गाव जमलेलं. मी न विचारताच माइक घेतला आणि सांगून टाकलं की नंदी साडेआठशे वर्षांचा नाही, मागच्या उन्हाळ्यापासूनचा आहे, तो किसनभाऊंनी घडवला, आणि मला यातलं काहीही कळत नाही. शेवटचं वाक्य ह्यांनी ऐकायला हवं होतं, पण ते आले नव्हते.

कोणी हसलं नाही. मागून एकाने पुरावा मागितला. मी किसनकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला.

"डाव्या मांडीच्या खालून एक फटका चुकला हाय माह्या हातून," तो म्हणाला. "बोटभर खड्डा हाय. दिसत नाई, हात घालून पाहा लागते."

अनंतरावांनी कुलूप काढलं. गुडघ्यावर बसले, नंदीच्या डाव्या मांडीखाली हात घातला, चाचपडले. मग हात तसाच ठेवून मान वर केली. काय झालं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच गावाला कळलं. इतकी वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाकडे ते पहिल्यांदा पाहत असावेत, असं मला वाटलं.

पण प्रश्न संपला नव्हता. नंदीची पूजा झाली होती. आता त्याच्या तोंडाला छन्नी लावायची कशी? एक म्हणाला पाप लागेल, दुसरा म्हणाला विचारून पाहू, तिसऱ्याला संगमरवराचीच आठवण झाली. तेवढ्यात पुढे बसलेली सरूआजी, गावातली सगळ्यांत वयस्क बाई, जागेवरूनच बोलली.

"याले डोये हायेत का?"

नाहीत, लोक म्हणाले.

"मंग देव कायचा? डोये उघडल्याबिगर देव होत नाई. तोवर दगड हाय तो. दगडाले छन्नी लागली तं पाप कोनाले?" आणि किसनकडे बघून म्हणाली, "कर बापा, तुहं काम."

माझ्या सोळा आठवड्यांच्या वर्गापेक्षा हे जास्त सोपं होतं.

पुढचे सहा दिवस किसन देवळासमोर बसून काम करत होता, आणि आता त्याच्याभोवती गाव बसलेलं असे. मी वर्षाकडेच मुक्काम ठोकला. नाकपुड्या आल्या, ओठांची दुमड आली. शेवटच्या दिवशी त्याने नंदीचे डोळे उघडले. हसू नका, पण तो नंदी कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा देवळाच्या दाराकडे पाहू लागला, आणि मी पदराने डोळे पुसले. सुंदर होता हो. मी एक शतक चुकले असेन, आठ चुकले असेन, पण काम सुंदर आहे हे पहिल्या दिवशी ओळखलं होतं, एवढं श्रेय तरी माझ्या पदरात घाला.

मग मी हट्टाला पेटले की चौथऱ्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरायचंच. पुन्हा कोणी माझ्यासारखी बाई येऊन 'नाव कधीच कळणार नाही' म्हणायला नको. अनंतराव लगेच हो म्हणाले. किसन लाजला. म्हणाला, "अक्षर तुमचं चांगलं हाय, ताई. तुमी कागदावर काढून द्या. मी कागद दगडावर चिकटवतो आन् तसंच्या तसं कोरतो."

मी मोठ्या कागदावर ठळक, गोल अक्षरांत लिहिलं, 'हा नंदी किसन सखाराम यांनी घडविला.' कागद त्याला दिला आणि संध्याकाळच्या बसने यवतमाळला आले.

शिवरात्रीला ह्यांना घेऊन गेले. म्हटलं, बघा, बायकोने गावात काय केलं ते. गर्दीतून वाट काढत चौथऱ्याजवळ पोचलो. नाव सुरेख आलं होतं. आणि नावाच्या खाली, उजव्या बाजूला, दगडात दोन बोटं खोल, माझी सही होती.

हो, माझी सही! पस्तीस वर्षांत माझ्या हातून सही केल्याशिवाय एकही कागद टेबलावरून पुढे गेला नव्हता. हात आपोआप फिरला होता, मला पत्ताही नाही. आणि किसनने शब्द पाळला होता, तसंच्या तसं. सहीखालच्या दोन टिंबांसकट.

मी त्याला म्हटलं, भाऊ, हे काय कोरलंत? त्याला वाटलं मला आवडलं नाही. म्हणाला, "शोध तं तुमीच लावला ना, ताई. मले वाटलं, तुमाले बी नाव पायजे असन."

मिटवायला म्हणाल तर चौथरा फोडावा लागेल, आणि गाव म्हणतं राहू द्या, शोभून दिसते. ह्यांनी तिथेच सहीसमोर उभं राहून माझा फोटो काढला.

यंदा पुन्हा शिवरात्रीला गेले होते. नंदीजवळ कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन उकिडवी बसली होती. माझ्यासारखीच, नवीनच वर्ग लावलेली दिसत होती, डोळ्यांत तीच चमक. वरच्या नावाकडे तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या सहीवरून बोट फिरवत मैत्रिणीला सांगत होती की ही मोडी लिपी आहे, म्हणजे वरची ओळ कोणीतरी नंतर टाकली असणार, नंदी नक्कीच दोनशे वर्षांपूर्वीचा.

मला राहवेना. मी वाकून म्हटलं, "बेटा, ती मोडी नाही. ती माझी सही आहे."

तिने सहीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, वहीत पेन टेकवलं आणि फार आदराने विचारलं, "मग काकू, तुमचं वय किती लिहू?"